हंड्यावरचं नाव

दुष्काळी छावणीत पाण्याच्या टँकरच्या रांगेत कालिंदीबाईंच्या पुढे चित्रं काढणारी ओवी आणि मेंढ्यांवाल्या पुतळाबाई उभ्या होत्या.

“रडतीस का गं?” पुतळाबाईंनी ओवीला विचारलं.

“मावशी, या रांगेचं माझं चित्र एकानं चोरलं. माझी सही पुसून स्वतःची ठोकली अन् आमच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकलं. आता ग्रुपवाले म्हणतात, पुरावा दे, नाहीतर चोर तूच.”

“दाव बरं. अगं, चित्रात ह्यो माझा हंडा! नाव बी हाय कोरलेलं.”

“हो की! हे पुसायचं राहिलंच त्याचं.”

“मेल्याला इचार, पुतळाबाई कोण?”

“विचारते... म्हणतो, माझी आजी.”

“व्हय का! मग काढ ह्या आजीचा फोटो हंड्यासकट, अन् दे धाडून. पर तू तरी माझा हंडा मला इचारून काढला व्हता का?”

“चुकलं, मावशी. पुढचं चित्र विचारूनच काढीन.”

कालिंदीबाईंनी आपल्या बहात्तरच्या दुष्काळातल्या कळशीवरचं नाव हळूच ओवीकडे फिरवलं.