गुरुवारचं घर आणि लोकांनी निवडलेली बेरिल

...आणि वर मलाच म्हणते, "आव्हानाबद्दल आभारी आहोत, बेरिल!" आव्हान? अहो, आव्हान कसलं डोंबलाचं! मी साधा प्रश्न विचारला होता, गिरणी गल्लीतलं घर बंद करताय की नाही, हो का नाही एवढं सांगा, संपलं! तर ती फेलिसिटी, इस्पितळाच्या मंडळाची अध्यक्षीण हो, गोड हसली, "आभारी आहोत" म्हणाली आणि पुढचा विषय! पुढचा विषय काय, तर गाड्या लावायची जागा! तुम्हाला सांगते, नुसता जळफळाट होतो जिवाचा. आणि मी म्हणे लोकांनी निवडून दिलेली!

निवडून कशी आले तेही ऐका. आमच्या ब्रॅकनशॉत वेड्यांचं... नाही नाही, तसं म्हणायचं नाही, शिकवलंय आम्हाला... मनाच्या आजारांचं जे सरकारी इस्पितळ आहे ना, त्याच्यावर लक्ष ठेवायला गावाने आपली माणसं निवडून द्यायची अशी पद्धत आहे. गव्हर्नर म्हणतात त्यांना. नाव बघा केवढं! पगार नाही, काही नाही, गळ्यात अडकवायला एक ओळखपत्र, त्याच्यावर फोटो, फोटोत मी अट्टल चोर दिसते. उभी राहिले आणि आले की निवडून! मतं किती पडली म्हणाल तर... एकही नाही! दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं हो. शेजारीण म्हणते, "बेरिल, बिनविरोध!" म्हटलं, कुणी शहाणं माणूस तिकडे फिरकलं नाही, त्याला तू बिनविरोध म्हण हवं तर.

मला काय हौस होती? मी उभी राहिले ती विल्फसाठी. विल्फ म्हणजे माझा धाकटा भाऊ. विशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले, आता साठी उलटली तरी ते आवाज काही त्याला सोडत नाहीत. आई गेली तेव्हा तर खोलीचे पडदेच उघडेना. मी दाराबाहेर जेवण ठेवायची आणि जिन्यात बसून रडायची. मग एका नर्सबाईने त्याला इस्पितळाच्याच गिरणी गल्लीतल्या त्या घरात नेलं, दर गुरुवारी. तिथे काय असतं? काही नाही! पाच-सहा जण जमतात, गाजरं चिरतात, मोठं पातेलंभर सूप करतात, एकत्र बसून खातात आणि भांडी कुणी घासायची यावरून कचाकचा भांडतात. झालं! पण माझा विल्फ गुरुवारी दाढी करायला लागला हो! शिट्टी वाजवत! मला सांगतो, "बेरिल, गाजरं सगळे मलाच देतात. माझ्याएवढी बारीक कुणी चिरत नाही." आता हे घर बंद झालं तर त्याने दाढी कुणासाठी करायची?

आणि बंद का करायचं, तर म्हणे भिंतींना ओल आलीय! ओल! आमच्या गावात ओल नसलेलं एक घर दाखवा, मी नाव बदलेन! त्याऐवजी म्हणे फोनवरून आधार देणार. फोनवरून गाजरं कशी चिरायची, ते कोण सांगणार?

तर मी गेले विचारायला. मला बसवलं प्रशिक्षणाला. आख्खा दिवस! अंड्याची सँडविचं खाऊन खाऊन जीव आंबला. तिथला पोरगा म्हणतो, "हे बघा बेरिल, इस्पितळ चालवतात ते साहेब लोक. त्या साहेबांवर नजर ठेवायला मंडळाचे सभासद. आणि ते सभासद नीट नजर ठेवतायत ना, यावर नजर ठेवायला तुम्ही." म्हटलं, बरं, आणि इस्पितळाकडे कोण बघायचं? "छे छे! तिकडे तुम्ही नाही बघायचं!" म्हणजे बघणाऱ्यांच्या बघण्याकडे बघायचं, आणि बघायचं ते सोडून सगळं बघायचं! आणि मी म्हणे लोकांनी निवडून दिलेली!

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, मला बोलू देत नाहीत ना, विल्फलाच आणते! सभा सगळ्यांना खुली असते, शेवटी गावकऱ्यांना बोलता येतं. आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात तालीम! एकच वाक्य. "गुरुवार गेला तर मी उठणार नाही." किटलीसमोर उभा राहून म्हणायचा बिचारा. बाबांचा टाय बांधून आला हो सभेला! मी बघतच राहिले.

आणि सभेत काय? गाड्या लावायची जागा! आमचे दुसरे गव्हर्नर ऑग्डन, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना जगात दुसरं दुःख नाही. "माझ्या जागेवर पुन्हा लाल गाडी होती!" अहो, इथे एका माणसाच्या जिवावर बेतलंय आणि हे लाल गाडी घेऊन बसलेत! आणि त्यावर चर्चा, चर्चेवर चर्चा, आणि विल्फची पाळी येणार तेवढ्यात... चहा! आमच्याकडे आग लागली तरी आधी चहा होणार.

मी बिस्किटं आणायला गेले, तेवढ्यात साधला डाव! फेलिसिटी विल्फजवळ, हातात कप, खांद्यावर हात. "काय विल्फ, कसं काय चाललंय? बरं आहे ना सगळं?" आणि हा! हा माझा भाऊ! टाय सारखा करत म्हणतो, "छान आहे. तक्रार काही नाही."

तक्रार काही नाही!! माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. अहो, ते असं म्हणायचंच असतं आमच्याकडे! माझा नवरा नाकातोंडात नळ्या घालून पडला होता, डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, "ठीक चाललंय." दुसऱ्या दिवशी गेला! पण फेलिसिटी लगेच सभेत, "आत्ताच मी खुद्द त्या घरात जाणाऱ्या एकांशी बोलले, त्यांची काहीही तक्रार नाही. विल्फ, अजून काही सांगायचंय?" मी ओरडले, "सांग रे!" विल्फ उठला. तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं. आणि म्हणाला, "चहा फार छान होता. आभारी आहे." टाळ्या वाजवल्या हो लोकांनी!

बसमध्ये मी त्याच्यावर तुटून पडले. "अरे गाढवा, एक वाक्य! एक!" तर खिडकीबाहेर बघत म्हणतो, "तिने इतक्या प्रेमानं विचारलं गं. तिला वाईट वाटलं असतं."

घर बंद झालं. तो आधाराचा फोन आला की विल्फ उशी डोक्यावर घ्यायचा. पडदे पुन्हा बंद. मग मात्र माझं टाळकं सरकलं. गेले गिरणी गल्लीत आणि ते मोठं पातेलं उचलून आणलं. चोरलं म्हणा! लोकांनी निवडून दिलंय मला! आता दर गुरुवारी सगळे माझ्या स्वयंपाकघरात. गाजरांच्या साली जमिनीवर, भांडणं सिंकपाशी, माझ्या चांगल्या सुरीची धार गेली, कंबर मोडली माझी. पण विल्फ जिना उतरून येतो. गालावर साबण तसाच असतो कधी कधी.

आणि परवा दारात कोण? फेलिसिटी! बरोबर फोटोवाला! "बेरिल, लोकांनी स्वतःहून किती सुंदर सोय केली! आम्ही वार्षिक अहवालात घेणार हे!" तुम्हाला सांगते, महिनाभर मी रात्रंदिवस तिला शिव्या घोकत होते. एकेक शब्द निवडून ठेवला होता! आता म्हटलं, सापडलीस! तेवढ्यात ती माझा हात हातात घेऊन म्हणते, "पण एवढी माणसं घरात... तुम्हाला त्रास नाही ना होत?"

आणि मी... मी म्हटलं, "छे हो, त्रास कसला! या ना, सूप घ्या थोडं."

घेतलं तिने. वर मीच आग्रहाने आणखी वाढलं.