चौथा वाचक

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाचा अख्खा धंदाच गुपितावर चालतो, त्याला तुम्ही म्हणता, दर आठवड्याला बस आणि सगळ्या जगाला सांगत सूट... हे म्हणजे काय झालं? आणि सांगणारं कोण, तर घरचंच माणूस. परकं असतं तर दारातूनच वाटेला लावलं असतं. तुम्हाला सांगतो, या प्रकरणात माझाही जीव अर्धा झाला, आणि मी साधा शिंपी, माझं दुकान त्या दुकानाला लागून आहे एवढाच काय तो माझा गुन्हा.

ते दुकान म्हणजे कुलूपरावांचं. खरं नाव वेगळं, पण पाटीवर भलंमोठं कुलूप रंगवलंय, त्यामुळं सगळे कुलूपरावच म्हणतात. किल्ल्या बनवायच्या, अडकलेली कुलपं उघडायची, दारांना कड्या बसवायच्या, चाळीस वर्षं हेच काम. हात असा की कुलूप नुसतं कानाशी धरून हलवतील आणि आत काय बिनसलंय ते सांगतील. आणि स्वभाव म्हणाल तर भित्रा. किती भित्रा, तर संध्याकाळी दुकान बंद करून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचं, कुलूप ओढून बघायचं, पुन्हा कोपऱ्यापर्यंत जायचं, पुन्हा यायचं, आणि मग मला म्हणायचं, "शिंपीबुवा, तुम्ही एकदा ओढून बघता का? माझ्या हातावर माझा विश्वास नाही."

आता अशा माणसाच्या नशिबी सून कशी यावी, तर दातांच्या दवाखान्यासाठी लेख लिहिणारी. फार गुणी मुलगी. झालं काय, समोरच्या गल्लीतल्या एक बाई, ज्यांच्या दाराचं कुलूप कुलूपरावांनीच बसवलेलं, त्या एक दिवस घराबाहेर अडकल्या, आणि त्यांनी फोनवर शोधून शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा माणूस बोलावला. त्यानं येऊन दाराची चौकटच उखडली. बाई नंतर म्हणाल्या, "अहो, तुमचं दुकान अजून चालू आहे हेच मला माहीत नव्हतं." आणि दुकान त्यांच्या खिडकीतून दिसतं. कुलूपराव दोन दिवस दारावरची पाटीच पुसत बसले.

तिसऱ्या दिवशी सूनबाई दुकानात आली. म्हणाली, "बाबा, आपण ब्लॉग सुरू करू."

"कसलं लॉक?"

"लॉक नाही, ब्लॉग. दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता एक लेख, चुकवायचा नाही. गिऱ्हाईक येऊन जे विचारतं तेच लिहायचं, तुम्ही बोलता तसंच लिहायचं, जड शब्द नकोत. खाली दुकानाचा पत्ता, फोन. आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. एवढंच."

एवढंच म्हणे. कुलूपरावांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "अगं, कुलूप कसं उघडतं हे मी लिहिणार, आणि वाचणारा कोण असेल ते मला दिसणार तरी आहे का?"

ती म्हणाली, "आमचे डॉक्टर दर सोमवारी दात कसा काढतात ते लिहितात. ते वाचून कुणी घरी दात काढत नाही, बाबा. वाचतात, घाबरतात आणि आमच्याकडेच येतात. ज्याला आपलं दुखणं कळलंय असं वाटतं, माणूस त्याच्याकडेच जातो."

मी तर तिथंच मान डोलावली, आणि तिथंच चुकलो, कारण कुलूपराव म्हणाले, "शिंपीबुवा हो म्हणतायत, म्हणजे शुद्धलेखन तेच बघतील." घ्या.

पहिला लेख लिहायला या गृहस्थांनी सहा दिवस घेतले. सातव्या दिवशी कागद माझ्यासमोर ठेवला, वर दुसरा कागद झाकून, मी वाचताना रस्त्यावरचं कुणी डोकावू नये म्हणून. काय लिहिलं होतं? 'कुलूप बिघडल्यास कुलूपवाल्याकडे जावे.' संपला लेख. सूनबाई म्हणाली, "बाबा, हा लेख आहे की पाटी?" मग तिनं त्यांना समोर बसवलं आणि गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारले, किल्ली फिरते पण कुलूप उघडत नाही, असं का हो होतं? आणि कुलूपराव बोलायला लागले... किल्ली कशी झिजते, लोक कुलपात खोबरेल तेल कसे ओततात, मग धूळ कशी बसते... ती भराभर लिहून घेत होती. मंगळवारी अकरा वाजता लेख गेला. आणि कुलूपराव स्टुलावर असे बसले, की जणू घराची सगळी दारं सताड उघडी टाकून आलेत.

दुपारी सूनबाईनं फोनवर आकडा दाखवला. वाचक, तीन.

"तीन?" कुलूपराव उठून उभे राहिले. "म्हणजे टोळीच की."

"बाबा, त्यातली एक मी. एक तुमचा मुलगा. आणि तिसरे तुम्ही, सकाळपासून उघडून बघताय."

तेव्हा कुठं ते खाली बसले. मला वाटलं, चला, निभावलं. पण पुढच्या मंगळवारी आकडा आला चार. आणि तिथून जे सुरू झालं ना... चौथा कोण? मी कापड कापतोय, हे दारात उभे, "शिंपीबुवा, चौथा कोण?" मी काज करतोय, "चौथा कोण असेल हो?" मी म्हटलं, मी नाही, माझा फोन नुसता बोलायचा आहे. गल्लीतून नवा माणूस गेला की कुलूपराव त्याच्या चपलांकडे बघायचे. पळायच्या चपला आहेत की कशा, ते.

तिसऱ्या मंगळवारी चौथ्यानं तोंड उघडलं. लेखाखाली लिहिलं, 'माहिती उत्तम. बाथरूमच्या दाराला आतून कडी लागली असेल, तर ती बाहेरून काढता येते का? कृपया कळवावे. आपला, एक वाचक.'

सूनबाईला आनंद. "बघा बाबा, प्रश्न आला. उत्तर द्या."

"उत्तर?" कुलूपरावांना घाम फुटला. "आतली कडी, बाहेरून काढायची. हे गिऱ्हाईक आहे होय?" नाही दिलं उत्तर. तिनं दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं, शेवटी म्हणाली, "दुकान तुमचं, बाबा."

चौथ्या मंगळवारी पुन्हा, 'मागील प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. कडी आवाज न होता काढता आली तर फार बरे.'

आवाज न होता. तुम्हीच सांगा, असं कोण विचारतं? आणि पाचव्या मंगळवारी, ऐका हं, 'आतल्या माणसाला कळताही कामा नये. दुपारी घरात आम्ही दोघेच म्हातारे असतो. कृपया लवकर कळवावे.'

कुलूपरावांनी हे वाचलं ते असं, 'दुपारी घरात दोघेच म्हातारे असतात.' भीतीनं मधला 'आम्ही' गिळला. आणि मलाही तसंच वाचून दाखवलं. मग काय, आम्ही दोघं पोलीस चौकीत. तिथले हवालदार सावकाश सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आम्ही कितीतरी चोर बघितले, पण 'कृपया कळवावे' म्हणणारा अजून पाहिला नाही. जा घरी." पण कुलूपरावांनी मनाशी ठरवून टाकलं, बंद. सहाव्या मंगळवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, लेख गेला नाही. सूनबाईनं फोन केला तर उचलला नाही. बसले आपले किल्ल्या घासायची कानस चालवत, घासायला काही नव्हतं तरी.

आणि साडेबाराला दुकानातला फोन वाजला. मी तिथंच होतो. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज, अगदी हळू, कुणी ऐकू नये असा.

"मी... आपला वाचक बोलतोय."

कुलूपरावांनी फोन माझ्या हातात दिला. मी काय करू? म्हटलं, बोला.

"आतून कडी लागलीय हो. पाऊण तास झाला. माझी बायको आत आहे. तिला आताशा काही आठवत नाही... कडी लावते आणि काढायची कशी तेच विसरते. मागे सुताराला बोलावलं, त्यानं हातोडीनं दार फोडलं. तर ही दोन दिवस कोपऱ्यात थरथरत बसली होती. म्हणून विचारत होतो, आवाज न होता..."

मी फोन कुलूपरावांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, पत्ता विचारला. आणि तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी या माणसाला घाबरताना बघतोय, पण त्या क्षणी चेहऱ्यावर जे आलं ते वेगळंच होतं. हत्यारांची पिशवी उचलली आणि दुकान उघडं टाकून निघाले. उघडं. मी मागं, हातात मोठी कात्री तशीच.

दोनच गल्ल्या पलीकडं घर. म्हातारे आजोबा दारातच उभे, पायांत मोजे, बोट ओठांवर. आत बाथरूममधून आवाज येतोय, "कुणी आहे का हो तिकडं? इथं भिंतच आहे सगळी." रडवेला नाही, पण रडू यायच्या जरासा अलीकडचा. कुलूपराव दाराशी गुडघ्यावर बसले. पिशवीतून पातळ पत्र्याची पट्टी काढली. पट्टी फटीत घातली आणि कान दाराला लावला. पुढं काय केलं ते मला विचारू नका, कारण त्यांनी वळून मला खुणावलं, पाठ करा. मी भिंतीकडं तोंड करून उभा, हातात कात्री.

कुठंही खट झालं नाही. कडी सरकली, आणि कुलूपराव दार न उघडताच मागं सरले. आजोबांना हातानं खूण केली, तुम्ही बोला.

आजोबा म्हणाले, "अगं, जरा दार ढकल बरं."

दार उघडलं. आजीबाई बाहेर आल्या, ओले हात पदराला पुसत. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "उघडलं की मी. तुम्ही उगाच घाबरता." मग माझ्याकडं बघितलं, कात्रीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "शिंपी का घरी बोलावलात?"

कुलूपरावांनी तिथंच ती कडी उतरवली आणि बाहेरून नाण्यानंही फिरेल अशी नवी खिट्टी बसवली, स्क्रू हातानं पिळून, आवाज नको म्हणून. आजोबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "आज मंगळवार ना? लेख आला नाही तुमचा. मी हिला वाचून दाखवतो. फार आवडतात तिला. दर वेळी नव्यानं ऐकते."

कुलूपराव मान खाली घालून म्हणाले, "आजोबा, तुम्ही तीन आठवडे विचारत होता."

"हो. वाटलं, तुम्ही कामात असाल."

परत दुकानापाशी आल्यावर कुलूपराव म्हणाले, "ती बाई आत पडली असती तर हो, शिंपीबुवा? आणि मी चपला बघत बसलो."

त्याच दुपारी चार वाजता त्यांनी स्वतः बसून लेख लिहिला. सूनबाईनं प्रश्न विचारायची गरज पडली नाही. घरात विसराळू माणूस असेल, लहान मूल असेल, तर बाथरूमला कोणती कडी लावू नये, कोणती लावावी, आणि आत कुणी अडकलंच तर दार फोडण्याआधी आतल्या माणसाशी कसं बोलत राहावं. पट्टीचं तेवढं लिहिलं नाही, त्यासाठी खाली फोन नंबर. लेख पाच तास उशिरा गेला, आणि तो कुठून कुठं गेला देव जाणे, दहा दिवसांत चार हजार लोकांनी वाचला. आता गिऱ्हाईक येतं, खिट्ट्या मागतं, आपल्या आईचं सांगतं, सासऱ्यांचं सांगतं, कुलूपराव ऐकतात आणि तेच पुढच्या मंगळवारी लिहितात. भीती गेली म्हणाल तर मुळीच नाही. लेख पाठवायच्या आधी अजूनही पाणी पितात, आणि उत्तर द्यायचं राहिलं तर, या धास्तीनं दर अर्ध्या तासाला फोन उघडतात.

आता तुम्ही म्हणाल, मग शिंपीबुवा, तुमची कसली तक्रार? तर परवा सूनबाई माझ्या दुकानात आली. मला वाटलं, माप द्यायला आली असेल, मी टेप काढली. तर म्हणते, "काका, शिंप्याकडं सांगण्यासारखं किती असतं, नाही?" अहो, तीस वर्षं मी लोकांची पोटं मोजतोय आणि त्यांना खोटे आकडे सांगतोय, त्याच्यावरच तर दुकान टिकलंय. हे मी लिहू? सगळ्या जगासमोर? म्हटलं, स्पष्ट नाही म्हणून टाकायचं, आज भीड धरायची नाही. तोंड उघडलं... आणि तोंडातून काय निघालं?

"मंगळवार नको गं. गुरुवार चालेल."