‘दिल’ खोडून ‘दार’

ज्योती : पुन्हा वाच. मोठ्याने.

योगेश : ह... वा... ल... हवालदार दिगंबर उदगीरकर. बरोबर तर आहे, ताई.

ज्योती : ‘हवालदार’ नाही ते, ‘हवालदिल’ आहे.

योगेश : म्हणजे?

ज्योती : म्हणजे घाबरून गळाठलेला. बाबांच्या फोटोखाली, एवढ्या ढळढळीत अक्षरांत!

योगेश : अरे यार! फोनवर अर्धंच टाइप केलं होतं. खाली आपोआप शब्द आला, मी दाबला. तेच फ्लेक्सवाल्याला पाठवलं.

ज्योती : आणि शोकसभेचा निरोप? बाबांच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलास तो?

योगेश : त्यातही तेच गेलंय. पण कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी नुसते हात जोडले.

ज्योती : काय बोलणार? मराठीच्या मास्तरांचा मुलगा तू. फौजेतून परतल्यावर बाबा आबिड्सच्या बाजारात दुकानांच्या पाट्या खडूने दुरुस्त करत फिरायचे.

योगेश : माहितेय गं.

ज्योती : आणि तू लाजून पलीकडच्या फुटपाथवर जायचास.

योगेश : आज कुठल्या फुटपाथवर जाऊ, सांग. असं करू, फ्लेक्स उतरवू. कुणी विचारलंच तर दुकानवाल्याची चूक म्हणू. तेलुगू माणूस, त्याला काय कळतंय मराठी?

ज्योती : आणि तुला कळतं?

योगेश : तुला त्यांनी स्वतःच्या मराठी शाळेत घातलं, मला कॉन्व्हेंटमध्ये. ते काय मी ठरवलं?

ज्योती : रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसायचे तुझ्यासाठी. तू बॅट उचलून पळायचास.

योगेश : नक्को ना, ताई. आज नक्को.

(दारात एक वृद्ध गृहस्थ. हातात फुलांची पिशवी.)

हिम्मतराव : येऊ का आत? मलकपेठेहून लवकरच निघालो. म्हटलं, खुर्च्या मांडायला हात लागेल.

ज्योती : या, काका. योगेश, हे हिम्मतराव. बाबा फौजेत जवानांना लिहायला-वाचायला शिकवायचे ना, तेव्हाचे त्यांचे विद्यार्थी.

योगेश : नमस्कार, काका. ते... वर बघू नका.

हिम्मतराव : बघितलंय, बाळा. कालच फोनवर. मीच एकेकाला सांगितलं, पोराला कुणी काही बोलायचं नाही. बाप गेलाय त्याचा.

योगेश : म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सांभाळून घेतलं? काका, मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

हिम्मतराव : मी पलटणीत भरती झालो तेव्हा अंगठा लावायचो. बाकीचे हसायचे. उस्ताद नाही हसले.

योगेश : उस्ताद?

हिम्मतराव : तुझे वडील. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. घरी कधी बोलले नाहीत?

योगेश : बोलले असतील. मी ऐकलं नसेल.

ज्योती : लोक यायला लागले, योगेश. जिन्यात आवाज येतायत.

योगेश : काका, हा मार्कर घ्या. ‘दिल’ खोडून ‘दार’ करून द्या ना पटकन. तुमचं अक्षर चांगलं असेल.

हिम्मतराव : अक्षर उस्तादांचंच आहे. पण मी नाही लिहिणार.

योगेश : का हो? माझ्यावर रागावलात?

हिम्मतराव : राग कसला! बायकोला पत्र लिहून द्या म्हणून मी उस्तादांच्या पाया पडलो होतो. नाही दिलं लिहून. म्हणाले, “तू लिही, मी बसतो शेजारी.” रविवारची अख्खी दुपार बसले. तेवढ्या वेळात माझ्या चार ओळी झाल्या, त्याही वाकड्यातिकड्या.

योगेश : पण सगळ्यांच्या देखत खोडू?

ज्योती : सगळ्यांनी वाचलंय, आता सगळ्यांना दुरुस्त केलेलं दिसू दे.

योगेश : ‘द’ला काना. मग ‘र’. बरोबर ना, काका?

हिम्मतराव : बरोबर. चढ स्टुलावर.

योगेश : वाकडं येईल माझं अक्षर.

हिम्मतराव : येऊ दे. तू लिही, मी उभा आहे शेजारी.