बोंबील आणि रात्रपाळी

मनाली: डब्यात बोंबील दिलेत, बाबा? सुके बोंबील?

राजाराम: तळून दिले. चपातीबरोबर.

मनाली: श्रेयाच्या शाळेत मच्छी चालत नाही. बाईंचा फोन आला. अख्ख्या वर्गात वास सुटला म्हणे.

राजाराम: मालन द्यायची.

मनाली: आई घरी द्यायची, शाळेतून आल्यावर. डब्यात नाही.

राजाराम: मी ताटातच बघायचो. डबा कधी उघडून बघितलाच नाही. रडली का पोर?

मनाली: छे. मैत्रिणीला अर्धे दिलेन. मैत्रीण आता उद्यासाठी पण मागतेय.

राजाराम: हां.

मनाली: बाबा, मी मेट्रनबाईंना फोन करते. आज रात्रपाळीला येत नाही. राजीनामा देते.

राजाराम: बोंबलासाठी?

मनाली: बोंबलासाठी नाही हो. आई होती म्हणून मी रात्र-रात्र वॉर्डात उभी राहत होते. आता ती नाही. श्रेयाचे पप्पा तिकडे बोटीवर, प्रफुल्ल दिवाळीशिवाय परत येत नाही. सासूबाई तर पहिल्यापासून सांगतायत, सोड म्हणून.

राजाराम: मालन काय सांगायची?

मनाली: आता ते कशाला?

राजाराम: सांग गो.

मनाली: म्हणायची, मी आहे, तू जा.

राजाराम: मग मी आहे.

मनाली: काल दूध उतू गेलं, बाबा. तुम्ही गॅससमोरच उभे होतात.

राजाराम: बघत होतो. बंद करायला हात गेला नाही.

मनाली: ...माझा पण जात नाही हल्ली.

राजाराम: वॉर्डात नवीन नर्स आली की काय करता? घरी पाठवता?

मनाली: नाही. ओव्हर देतो. कुठल्या पेशंटला काय, ते बेडपाशी उभं राहून सांगायचं. त्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही.

राजाराम: सकाळी तू आलीस की मालन दारातच तसं सांगायची. पोर काय जेवली, किती खोकली. तुला चपला पण काढू द्यायची नाही.

मनाली: माझंच बघून शिकली.

राजाराम: मग मला दे ओव्हर. ती न देताच गेली.

(मनाली झोपलेल्या श्रेयाच्या अंथरुणापाशी जाऊन उभी राहते. राजाराम चष्मा लावून शेजारी येतो.)

मनाली: दूध कोमट, साय काढून. डब्यात भाजी-चपाती, नाहीतर पोहे. मच्छी नाही.

राजाराम: मच्छी नाही.

मनाली: वेणी नाही जमली तर हेअरबँड. खोकली तर उशी उंच करा. औषध मला विचारल्याशिवाय नाही.

राजाराम: बरं.

मनाली: रात्री मधेच उठते. आजी कुठाय विचारते.

राजाराम: मग काय सांगायचं?

मनाली: काही नाही. पाठीवर हात ठेवायचा. झोपते मग.

राजाराम: बरं. मी जागाच असतो.

मनाली: ...युनिफॉर्म इस्त्रीवाल्याकडेच राहिलाय माझा.

राजाराम: आणलाय. दारामागे लावलाय.