आधी तू झोप आत

आन वर गावातली माणसं मलाच इचारतात, "मिस्त्री, नेपाळ म्हंजी परदेश कसा काय व्हय?" आता काय सांगावं! आमच्या सास्तूरच्या चौकात बॅनर लागला हुता बॅनर, 'भीमाशंकर मिस्त्री यांची परदेशात स्वयंसेवक म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', माझा फोटो एवढुसा आन खाली शुभेच्छुक बारा, शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली, आन शेवटाला कल्याणप्पा किराणावाला उठून म्हणतो, "मिस्त्री, तिथं पासपोर्ट बी लागत न्हाय, मतदान कार्डावर सोडत्यात!" झालं! सगळी हसली. बॅनर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गोठ्यावर. शाल परत मागितली न्हाय, एवढं नशीब.

बायको, भुवनेश्वरी, म्हणती, "पगार न्हाय, मग जाताव कशाला?" म्हटलं, अगं, त्र्याण्णवच्या भूकंपात म्या दहा वर्षांचा, तवा एक लांबडा गोरा आपल्या शेडला पत्रे ठोकत हुता, आपलं पिठलं खाऊन डोळ्यातनं पाणी काढायचा, त्यानं इचारला का पगार? आता तिकडं नेपाळात भूकंपानं घरं पडलीत. एका संस्थेला गवंडी पायजेत, भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं ते शिकवायला. आठ महिन्यांचं तर काम! सांगायला काय जातंय… गेलो.

निघताना अव्वाच्या पाया पडलो. अव्वा म्हंजी आमची आई, लक्ष्मम्मा. अंगणात, बाजेवर. ती तिथंच असती. तुमाला सांगतो, एकतीस वर्षं झाली, अव्वा छताखाली झोपली न्हाय! सैपाकाला आत जाती, देवाला दिवा लावायला आत जाती, झोपायला न्हाय. पाऊस आला तर गुरांच्या पत्र्याखाली. म्या माझ्या हातानं पक्कं घर बांधलं, भिंतीला कमरेला करगोटा असतो तसा सळईचा पट्टा घातला, म्हटलं, "अव्वा, न्हाय पडत हे." ती म्हणती, "चांगलं झालंय रे बाळा," आन बाज झटकती. म्या बी तिच्या शेजारीच बाज टाकतो, पण ते येगळं हो… मला उकडतं. बायको म्हणती, "थंडीत बी?" व्हय, थंडीत बी! असतं एकेकाचं अंग!

तर नेपाळ. डोंगर म्हंजी काय डोंगर! रस्ता संपला की सिमेंटचं पोतं पाठीवर, तिथल्या बाया गप्पा मारत चढायच्या, आन म्या, त्यांचा गुरुजी, दगडाला मिठी मारून बसलेला. सकाळी डाळभात, संध्याकाळी डाळभात, आन तिथली माणसं दमादमानं बोलत्यात तरी मला कळंना. अव्वानं दिलेली शेंगाची चटणी दोन महिन्यांत संपली, पुढं नुसता डबा हुंगून जेवलो. पण रुळलो. माणूस कुठं बी रुळतो हो, नुसतं काम पायजे हाताला.

तिथं दिलमाया नावाची म्हातारी. सगळे तिला आमा, म्हंजी आई, म्हणायचे, म्या बी. भूकंपात नातू गेला तिचा. पहिलं घर तिचंच बांधलं. एक नंबर घर! म्हटलं, "आमा, हा पट्टा बघा, ह्यो कोपरा बघा, आता निवांत झोपा." सांगायला काय जातंय! आमानं भिंतीवरनं हात फिरवला, "राम्रो छ" म्हणाली, म्हंजी छान हाय, आन गेली परत तिच्या ताडपत्रीच्या खोपीत! रोज तेच. घरात मक्याची कणसं टांगली, शेळी बांधली. जगातली सगळ्यात सुरक्षित शेळी हो ती! संस्थेच्या शुभांगीताई कागद घेऊन माझ्या मागं, "दादा, 'राहायला गेल्या का?' हा रकाना रिकामाच आहे, काय लिहू?" म्हटलं, शेळीचं नाव लिवा!

शेवटी म्या चिडलो. म्हटलं, "आमा, भ्या कशाला?" तर ती म्हणाली, "ज्यानं बांधलं त्यानं आधी झोपावं. आधी तू झोप आत."

हात्तिच्या! त्यात काय! घोंगडी घेतली, शेळी बाहेर काढली, आत गेलो, दार लोटलं, पडलो आन वर बघितलं…

छत. म्याच घातलेलं. एक न एक खिळा ओळखीचा. आन तुमाला सांगतो, त्याच्या जागी आमचं जुनं मातीचं माळवद दिसाय लागलं…

मला एक बहीण हुती. जगदेवी. पाच वर्षांची. भूकंपाच्या आदल्या राती गणपती बुडवून आलो, ती म्हणाली, मला दादाजवळ अंगणात झोपायचंय. अव्वा म्हणाली, "दव पडतंय, आत ये." गावात सगळ्यांला एवढंच ठाव हाय. पण म्या बी म्हटलं हुतं हो… "जा की आत, झोपंत लाता मारतीस." हे म्या कधी कुणाला सांगितलं न्हाय. ती गेली आत. पहाटं जमीन हालली, माळवद बसलं. अव्वाला दारातनं ओढून काढलं, जगदेवी आतल्या अंगाला हुती.

दहा मिनिटं बी टिकलो न्हाय. घोंगडी गुंडाळून बाहेर आलो. मिस्त्री! गुरुजी! आमा ताडपत्रीत जरा सरकली, मला जागा केली. वाईट वाटलं. लई वाईट वाटलं.

तिथंच दिवाळी करून घरी परत आलो. थंडी पडलेली. अव्वा बाजेवरच. माझी बाज शेजारी मांडून ठेवलेली, गोधडीसकट. आमाचं फोनवर सांगितलं हुतं, तर अव्वानं इचारलं, "ती म्हातारी झोपली का आत?" म्हटलं, न्हाय. "आन तू?" म्हटलं, न्हाय. मग कसं काय, तोंडातनं निघूनच गेलं, "अव्वा, जगीला आत जा म्हणून म्या बी म्हटलं हुतं."

अव्वा वाती वळत हुती. हात थांबला न्हाय तिचा. म्हणाली, "ठाव हाय मला. ऐकलं हुतं."

एकतीस वर्षं! एक शब्द बोलली न्हाय हो बाई!

मग गोधडी माझ्या अंगावर सरकवली आन म्हणाली, "उकडतंय का रे बाळा?" म्हटलं, "लई." तर म्हणती, "मला बी."

तर या कधी घर बघायला. लई पक्कं बांधलंय, आत निवांत झोपा, काय सुदिक हुत न्हाय… सांगायला काय जातंय!