वहिनीचा वात

तुम्हाला सांगते, आमच्या रेवदंड्यात योगशिबिर लागलं, तर वहिनीला मी हाताला धरून ओढतच नेलं. दादा बोट घेऊन गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून तिला झोप कसली ती नाही. सरांनी नाडी धरली न धरली आणि ठोकून दिलं, "ताई, वात वाढलाय. ओंकार आणि ध्यानाने उतरेल."

ओंकार झाला, प्राणायाम झाला. मग सगळ्यांना आडवं करून सरांनी स्पीकर लावला. लाटांचा आवाज! समुद्राकाठच्या गावात!

वहिनी ताडकन उठून बसली. "सर, बंद करा हे."

"ऐकत राहा, ताई. याने गाढ झोप लागते."

"घरी रातभर हेच ऐकत पडते," ती म्हणाली, "मधेच आमच्या बोटीचं इंजिन वाजतंय का म्हणून."