अंघोळीच्या पाण्याची फाइल

तुम्ही हसाल, पण आमच्या घरी अंघोळीच्या पाण्याची फाइल होती. तांब्याचा जुना बंब दिवाळीत गळायला लागला. मी म्हटलं, गीझर आणू. आमचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. तो म्हणाला, "बाबा, हीट पंप घ्या. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो. वीज कमी लागते."

"डिसेंबरात पुण्याच्या हवेत उष्णता? ती आधी मला दाखव."

मग तो रोज ऑफिसातून माहिती छापून आणायचा. मी जन्माचा कारकून. प्रत्येक कागदाला आवक क्रमांक देऊन फाइलला लावायचो आणि समासात शेरा मारायचो, 'अधिक माहिती मागवावी.'

असं करत संक्रांत आली. तोवर आमची ही गॅसवर पातेलं तापवून, दुखऱ्या गुडघ्यांनी ते न्हाणीघरापर्यंत नेत होती. एका सकाळी वाटेतच तिचा गुडघा आखडला. जवळ माझं टेबल होतं, तिने पातेलं फाइलवरच टेकवलं. उचललं तेव्हा वरच्या कागदावर काळपट, ओलं वर्तुळ उमटलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "गोल शिक्का बसलाय. आता तरी निकाल द्याल?"

त्याच दिवशी बुधवार पेठेतून, दुकानात होता तो गीझर उचलून आणला. मुलगा अजून म्हणतो, हीट पंपच योग्य होता. असेलही. नोकरीत मी मारलेले शेरेसुद्धा बहुतेक योग्यच होते. टेबलापलीकडे कोण पातेलं धरून उभं आहे, ते तेवढं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.